‘इररेलेव्हंट’ कधी लिहायचं आणि कधी नाही: कोल्हापुरात इंग्रजी मसुद्याला नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत येऊ लागली. चाळीसहून जास्त वर्षांची मागणी पूर्ण झाली, पक्षकारांची मुंबईच्या रात्रीच्या गाडीतून सुटका झाली. पण वकिलांकडे काम शिकणाऱ्या मुलामुलींपुढे एक नवं काम उभं राहिलं, ते इंग्रजीचं. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात मराठीतून अर्ज लिहिता येतो, मराठीतून बाजू मांडता येते. उच्च न्यायालयाची भाषा मात्र राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजी आहे. त्यामुळे काल-परवापर्यंत मराठीत झोकात लिहिणारी मुलं आता इंग्रजी मसुद्यापुढे अडून बसतात.

या मुलांच्या कागदात जे शब्द वारंवार चुकीच्या जागी दिसतात, त्यांत ‘इररेलेव्हंट’ फार वरचा आहे. समोरच्याच्या प्रत्येक मुद्द्याला तो चिकटवला जातो आणि जिथे खरोखर हवा तिथे नेमका गाळला जातो. शब्द साधा आहे, पण त्याला स्वतःची शिस्त आहे. ती एकदा कळली की नुसतं इंग्रजी नाही, मसुदाही सुधारतो. म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. वकिली न करणाऱ्यांनाही तो चालेल. स्पर्धा परीक्षेचा निबंध, ऑफिसचा ईमेल, विद्यापीठातला प्रबंध, सगळीकडे हा शब्द लागतो.

पहिली पायरी: आधी विचारा, ‘कशाशी?’

शब्दकोशात ‘इररेलेव्हंट’चा अर्थ ‘असंबद्ध’ असा मिळतो. तो चुकीचा नाही, पण मराठी माणसाला तो थोडा भरकटवतो. आपण ‘तापात असंबद्ध बडबडत होता’ असं म्हणतो. तिथे बोलण्याला काही धरबंध नाही, वाक्याला वाक्य लागत नाही असा अर्थ असतो. इंग्रजी शब्दात ती छटा अजिबात नाही. एखादं विधान खरं, स्पष्ट, मुद्देसूद, पुराव्यासकट असेल आणि तरीही इररेलेव्हंट असेल. हातातल्या प्रश्नाचं उत्तर काढायला त्याचा उपयोग होत नाही, एवढंच तो शब्द सांगतो. सरकारी मराठीतला ‘गैरलागू’ हा शब्द मला त्यामुळे जवळचा वाटतो. शाहूपुरीच्या बाजारातला गूळ कितीही उत्तम असला तरी पांढऱ्या रश्श्यात त्याचं काम नाही, त्यातला प्रकार.

म्हणजे कोणतीही गोष्ट एकटीच, आपली आपण इररेलेव्हंट नसते. ती कोणत्या तरी प्रश्नाच्या संदर्भात इररेलेव्हंट असते. प्रश्न बदलला की तीच गोष्ट रेलेव्हंट होऊ शकते. हे समजायला एक कल्पित प्रकरण घेऊ.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत एका गृहस्थांचं दुकान आहे. एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं, पंचनामा झाला, त्यांनी मदतीसाठी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. आता उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे सरकारी आदेशाला थेट आव्हान देणारी याचिका, करायची आहे. ज्युनिअरने पहिला कच्चा मसुदा आणला. त्यात लिहिलंय: दुकान आजोबांनी सुरू केलं. दुकानात तीन दिवस पाणी होतं. पंचनाम्याची प्रत सोबत जोडली आहे. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने ५५ फुटांची पातळी ओलांडली होती, धोक्याची पातळी ४३ फूट आहे. कार्यालयात पक्षकाराला तासभर ताटकळत ठेवलं. आणि अर्ज फेटाळताना आदेशात लिहिलं गेलं की अर्जदाराचे चुलतभाऊ निवडणुकीला उभे होते.

आता एकेक वाक्य हातात घ्या. प्रश्न एकच आहे: अर्ज फेटाळणारा आदेश कायद्याने टिकतो का? आजोबांनी दुकान सुरू केलं, ही पक्षकाराच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. त्यांना ती कागदावर हवी असते, ते आग्रहही धरतील. पण दुकान आजोबांचं असो की गेल्या वर्षी घेतलेलं असो, आदेश टिकण्या-न टिकण्याशी त्याचा संबंध नाही. काढा. तीन दिवस पाणी आणि पंचनामा तर याचिकेचा कणाच. तो ठेवा, वर आणा. ताटकळत ठेवल्याचा राग खरा आहे, पण तो मुद्दा या आदेशाला धक्का लावत नाही. काढा.

२०१९ च्या महापुराचं काय? ते वाक्य लगेच खोडू नका. आत्ताच्या मांडणीत ते इररेलेव्हंट आहे, कारण नुकसान त्या वर्षीचं नाही. पण समजा आदेशात असं लिहिलंय की ‘या गल्लीत पुराचं पाणी येतच नाही, पंचनामा विश्वासार्ह वाटत नाही’. मग २०१९ साली त्याच गल्लीत पाणी होतं ही गोष्ट एकदम महत्त्वाची ठरते. वाक्य तेच, आकडा तोच, समोरचा प्रश्न तेवढा बदलला. म्हणून मी मुलांना सांगतो, समासात पेन्सिलने इंग्रजीत लिहा, ‘रेलेव्हंट टू व्हॉट?’ उत्तर एका ओळीत देता आलं तर वाक्य राहील, नाहीतर जाईल. सीनिअर वकील मसुदा वाचताना मनातल्या मनात हेच करत असतात.

चुलतभावाच्या निवडणुकीकडे नंतर येतो, त्यात खरी गंमत आहे.

दुसरी पायरी: स्पेलिंग आणि उच्चार

आय, डबल आर, ई, एल, ई, व्ही, ए, एन, टी. ‘आर’ दोन लिहायचे, पण बोलताना एकच ऐकू येतो आणि जोर ‘रे’वर पडतो: इ-रे-लि-व्हंट. आपण मराठीत ‘इररेलेव्हंट’ लिहितो ते स्पेलिंगच्या मागे जाऊन. दोन ठिकाणी घसरतं. एक, ‘एल’ आणि ‘व्ही’ची अदलाबदल होऊन ‘इरेव्हलंट’ होतं. दोन, शेवटी ‘ए’ऐवजी ‘ई’ पडतो. नाम करायचं असेल तर इररेलेव्हन्स. जुन्या कायद्यांत रेलेव्हन्सी असं रूप दिसतं, तेही बरोबर आहे.

‘आर’ दोन का, हे कळलं की स्पेलिंग विसरत नाही. मूळ नकारार्थी उपसर्ग ‘इन्’ आहे. पुढे ‘आर’ आला की तो ‘इर्’ होतो, ‘एल’ आला की ‘इल्’, ‘पी’ किंवा ‘एम’ आला की ‘इम्’. म्हणून इररेग्युलर, इल्लीगल, इम्पॉसिबल. आपल्याकडे उत् आणि लेख मिळून ‘उल्लेख’ होतो, सत् आणि जन मिळून ‘सज्जन’ होतो, तसाच हा संधी.

तिसरी पायरी: पुढे कोणतं शब्दयोगी येतं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्यांचं कारण आपल्या मराठीतच आहे. आपण ‘याचा प्रकरणाशी संबंध नाही’ म्हणतो. त्या ‘शी’मुळे हात आपोआप ‘विथ’ लिहितो: ‘धिस इज इररेलेव्हंट विथ द केस’. काही जण ‘फ्रॉम’ लिहितात. दोन्ही चूक. ‘इररेलेव्हंट’नंतर ‘टू’ येतं.

धिस फॅक्ट इज इररेलेव्हंट टू द इश्यू. हिज इन्कम इज इररेलेव्हंट टू धिस अॅप्लिकेशन.

प्रकरण किंवा कार्यवाही सांगायची असेल तर ‘इन’ही चालतं. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा इंग्रज कायदेपंडित जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केला. त्याच्या २४व्या कलमातच आहे की धमकी, आमिष किंवा आश्वासन देऊन घेतलेला आरोपीचा कबुलीजबाब फौजदारी कार्यवाहीत ‘इररेलेव्हंट’ असतो, आणि तिथे ‘इन अ क्रिमिनल प्रोसीडिंग’ असं लिहिलंय. प्रश्नाशी नातं सांगायचं तर ‘टू’, कुठल्या कार्यवाहीत ते सांगायचं तर ‘इन’.

‘असो वा नसो’ अशी रचना हवी असेल तर: इट इज इररेलेव्हंट व्हेदर द नोटीस वॉज सेंट बाय पोस्ट. म्हणजे नोटीस पोस्टाने पाठवली की नाही, याने फरक पडत नाही. ही रचना मसुद्यात फार उपयोगी पडते, शिकून ठेवा.

जोर द्यायचा तर व्होली, एन्टायर्ली किंवा कम्प्लीटली लावा. ‘व्हेरी इररेलेव्हंट’ कानाला खटकतं. गोष्ट एक तर लागू असते किंवा नसते, तिथे ‘फार’ बसत नाही.

आणि एक चूक तर जाहिरातींत, नोटिशींत, अगदी छापील फॉर्मवरही दिसते: ‘इररेलेव्हंट ऑफ एज’. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं ‘वय कितीही असो’. त्यासाठी शब्द आहे ‘इररिस्पेक्टिव्ह ऑफ’ किंवा ‘रिगार्डलेस ऑफ’. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी असल्याने गोंधळ होतो. ‘इररेलेव्हंट’नंतर ‘ऑफ’ कधीच येत नाही, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

चौथी पायरी: शेजारचे शब्द वेगळे ओळखा

मसुद्यांत एक ठरीव वाक्य असतं की समोरच्याचं म्हणणं ‘इररेलेव्हंट, इम्मटेरियल अँड एक्स्ट्रेनियस’ आहे. तिन्ही एका दमात लिहिले की वजन येतं असं वाटतं. उलट वाचणाऱ्याला कळतं की लिहिणाऱ्याने विचार केलेला नाही. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

‘इम्मटेरियल’ गोष्टीचा प्रश्नाशी संबंध असू शकतो, पण तिने निकालात फरक पडत नाही. पाणी सकाळी सहाला शिरलं की सातला, हे पुराशी संबंधित आहेच, पण मदत मिळायची की नाही ते त्यावर ठरत नाही. तिथे ‘इम्मटेरियल’ लिहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६, रूल २ मध्ये उलट बाजूने हेच सांगितलंय: दावा असो की कैफियत, त्यात फक्त मटेरियल फॅक्ट्स म्हणजे निर्णायक तथ्यं, तीही थोडक्यात, आणि पुरावा तिथे भरायचा नाही. नव्या माणसाने हा नियम टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

‘एक्स्ट्रेनियस’मध्ये ‘बाहेरून घुसलेलं’ अशी छटा आहे. लॅटिनमधला बाहेरचा किंवा परका या अर्थाचा शब्द त्याच्या मुळाशी आहे आणि इंग्रजीतला ‘स्ट्रेंज’ त्याच घराण्यातला. अधिकाऱ्याने निर्णय घेताना कायद्याने पाहायला सांगितलेल्या गोष्टी सोडून बाहेरची गोष्ट मनात आणली, तर ती ‘एक्स्ट्रेनियस कन्सिडरेशन’.

‘रिडंडंट’ म्हणजे एकदा आलेलं पुन्हा सांगितलेलं. ते लागू असतं, पण जास्तीचं असतं. ‘इनअॅप्लिकेबल’ नियमाला किंवा कलमाला लावतात, वस्तुस्थितीला नाही. हा नियम इथे लागू होत नाही, एवढाच अर्थ.

आता राहिला ‘इम्पर्टिनंट’, आणि इथे थांबून वाचा. ‘पर्टिनंट’ म्हणजे मुद्द्याला धरून, मग ‘इम्पर्टिनंट’ म्हणजे मुद्द्याला सोडून, असं सरळ गणित कोणीही मांडेल. जुन्या इंग्रजीत तो अर्थ होताही. आज मात्र त्याचा अर्थ उद्धट, मर्यादा सोडून बोलणारा असा आहे. विरुद्ध पक्षाच्या वकिलाचा प्रश्न ‘इम्पर्टिनंट’ आहे असं तुम्ही भर कोर्टात म्हणालात, तर तुम्ही मुद्द्याबद्दल बोलत नाही, माणसाच्या संस्कारांबद्दल बोलता. न्यायमूर्तींच्या प्रश्नाला तो शब्द लावायची तर कल्पनाही नको. मुद्द्याला धरून नाही असं म्हणायचं असेल तर ‘नॉट पर्टिनंट’ म्हणा, किंवा आपला ‘इररेलेव्हंट’ आहेच.

पाचवी पायरी: कायदा हा शब्द कसा वापरतो ते पाहा

शब्द शिकायचा तर ज्याने तो सर्वांत काटेकोरपणे वापरला त्याच्याकडून शिकावा. सोळाव्या शतकात ‘रेलेव्हंट’ हा शब्द इंग्रजीत आला तोच स्कॉटलंडच्या न्यायालयांच्या भाषेतून. म्हणजे कोर्ट हे त्याचं मूळ गावच आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं पाचवं कलम सांगतं की वादातल्या तथ्यांचा आणि कायद्याने रेलेव्हंट ठरवलेल्या तथ्यांचा पुरावा देता येईल, इतर कशाचाही नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली, पण हे तत्त्व बदललेलं नाही.

त्यातली दोन कलमं मला या शब्दासाठी सगळ्यात शिकवणारी वाटतात. जुन्या कायद्याचं ५४वं कलम म्हणतं की फौजदारी प्रकरणात आरोपीचं चारित्र्य वाईट आहे ही गोष्ट इररेलेव्हंट आहे. गल्लीतला प्रत्येक जण त्याला ओळखून असेल, तरी प्रश्न त्याने हा गुन्हा केला का एवढाच असतो. पण त्याच वाक्यात पुढे अपवाद आहे: आरोपीनेच आपलं चारित्र्य चांगलं असल्याचा पुरावा दिला, तर वाईट चारित्र्य रेलेव्हंट होतं. दार त्याने स्वतः उघडलं. ११व्या कलमाचं तर शीर्षकच ‘एरवी रेलेव्हंट नसलेली तथ्यं केव्हा रेलेव्हंट होतात’ अशा अर्थाचं आहे. त्यातलं उदाहरण: कलकत्त्यात गुन्हा झाला, आरोपी त्या दिवशी लाहोरला होता. तो लाहोरला होता याने एरवी कुणाला काय करायचंय? पण कलकत्त्यात तो असूच शकत नव्हता, हे त्यातून सिद्ध होतं. आपल्याकडच्या भाषेत, लक्ष्मीपुरीतल्या मारामारीच्या वेळी आरोपी वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या दर्शनाच्या रांगेत होता, तर ती रांग एकदम खटल्याच्या मध्यावर येते. पहिल्या पायरीतला २०१९ चा पूर आठवा, तोही असाच आत आला.

आता चुलतभावाच्या निवडणुकीचं. प्रशासकीय कायद्यात ‘इररेलेव्हंट कन्सिडरेशन’ हा शब्दप्रयोग पक्का बसलेला आहे आणि रिट याचिकांमध्ये तो सतत लागतो. त्याचं सर्वांत प्रसिद्ध उगमस्थान म्हणजे इंग्लंडमधला वेडन्सबरी खटला. निकाल १९४७ चा. वेडन्सबरीच्या नगरपालिकेने थिएटरला रविवारी सिनेमा दाखवायची परवानगी दिली, पण १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही अशी अट घातली. थिएटरवाले कोर्टात गेले आणि हरले. पण तो निकाल देताना न्यायाधीश लॉर्ड ग्रीन यांनी जे तत्त्व मांडलं ते जगभर गेलं: अधिकाऱ्याने ज्या गोष्टी विचारात घ्यायला हव्यात त्या घ्याव्यात, ज्या घेऊ नयेत त्या घेऊ नयेत, आणि कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही असा निर्णय घेऊ नये. त्यांनी आधीच्या एका निकालातलं उदाहरण दिलं: शिक्षिकेचे केस लाल आहेत म्हणून तिला नोकरीवरून काढणं. केस लाल आहेत हे खरं, सगळ्यांना दिसतंय, कोणी नाकारत नाही. शिकवण्याशी मात्र त्याचा काडीचाही संबंध नाही.

आपल्या प्रकरणात चुलतभावाची उमेदवारी म्हणजे तो लाल केस. आणि इथे नवशिक्यांची हमखास गफलत होते. पहिल्या पायरीचा नियम ऐकून ते म्हणतात, चुलतभावाची निवडणूक इररेलेव्हंट, म्हणून ते वाक्य मसुद्यातून काढून टाकू. नाही! पुराच्या मदतीच्या प्रश्नाशी ती इररेलेव्हंट आहे, पण आदेश टिकतो का या प्रश्नाशी तीच सगळ्यात रेलेव्हंट गोष्ट आहे, कारण अधिकाऱ्याने ती विचारात घेतली हीच तुमची तक्रार आहे. ते वाक्य याचिकेच्या गाभ्यात जायला हवं: द अथॉरिटी हॅज टेकन इन्टू अकाउंट अॅन इररेलेव्हंट कन्सिडरेशन, नेमली, द कँडिडेचर ऑफ द पिटिशनर्स कझिन. ‘नेमली’नंतर ती गोष्ट नाव घेऊन लिहायची. नुसतं ‘इररेलेव्हंट कन्सिडरेशन्स’ म्हणून पुढे गेलात तर न्यायमूर्ती विचारणारच, कोणती?

माणसाला हा शब्द लावताना

वाक्याला, मुद्द्याला, कागदाला इररेलेव्हंट म्हणणं सभ्य आहे. माणसाला म्हणणं नाही. मोबाइलवरच्या भांडणात हल्ली ‘यू आर इररेलेव्हंट’ सर्रास म्हणतात, म्हणजे तुला आता कोणी विचारत नाही. तो अर्थ डोक्यात घेऊन ऑफिसात लिहू नका. सीनिअरने दिलेला मुद्दा लागू नाही असं वाटलं तर ‘साहेब, हे इररेलेव्हंट आहे’ असं तोंडावर म्हणण्यापेक्षा ‘साहेब, हा मुद्दा दुसऱ्या इश्यूला जास्त लागेल का?’ असं विचारा. लेखी इंग्रजीत ‘मे नॉट बी डायरेक्टली रेलेव्हंट टू’ हे सौम्य रूप आहे, ते ईमेलमध्ये शोभतं. याचिकेत मात्र सौम्यपणा नको, तिथे सरळ लिहा.

शेवटची पायरी: ‘हाऊ इज धिस रेलेव्हंट?’

हा प्रश्न तुमच्यावर येईल, तेव्हा उत्तराचा साचा तयार असू द्या. तीन भाग असतात. कोणत्या मुद्द्याला लागू, का लागू, आणि कागद कुठे आहे. उदाहरणार्थ: माय लॉर्ड, इट इज रेलेव्हंट टू द सेकंड ग्राउंड. द ऑर्डर सेज द लेन नेव्हर फ्लड्स. द पंचनामा ऑफ २०१९, अॅट एक्झिबिट सी, शोज दॅट इट डिड.

इतकंच म्हणून थांबायचं. पुढचा प्रश्न आला तर त्याचं उत्तर द्यायचं, नाही आला तर पुढच्या मुद्द्याकडे जायचं. आणि तीन भागांपैकी पहिलाच भाग सुचत नसेल, म्हणजे कोणत्या मुद्द्याला लागू तेच सांगता येत नसेल, तर ‘आय डू नॉट प्रेस धिस पॉइंट’ म्हणून तो मुद्दा सोडा आणि पुढचं पान उलटा.